चोथा

फेब्रुवारीत सातपूरच्या गाळ्यात
दिंडोरीहून पिंपं येतात :
रस काढून घेतलेल्या द्राक्षांच्या
साली, बिया, देठांचा चुरा.
पुंजाराम झाकण उघडतो
आणि तो आंबूस जांभळा वास
माझ्या डब्यातल्या पोळीलाही लागतो.

तो म्हणतो, मॅडम, आमच्याकडं हे म्हशीला घालतात.
मी म्हणते, आपण उंदराला घालू.
उंदीर म्हणजे अख्खा नाही.
कधीकाळच्या एका उंदराची पेशी,
काचेच्या बशीत वाढतच राहिलेली
माझ्या जन्माच्या आधीपासून.

ती अजून काहीच झालेली नसते.
लांबोडकी, सडसडीत.
तिला थोडं इन्सुलिन, थोडं स्टिरॉइड दिलं
की आठ दिवसांत ती गोल होते,
पोटात थेंब धरते,
थेंबाला थेंब मिळतो,
आणि मग ती माघारी फिरत नाही.
(हे शेवटचं वाक्य
मी माझ्याबद्दलही लिहिलं असतं.)

सहा बशांत सालींचा अर्क, सहा तशाच.
तरन्नुम वरून लाल रंग सोडते,
चरबी असेल तिथे तो चिकटून बसतो.
भिंगाखाली पाहिलं तर
तशा ठेवलेल्या सहा लालभडक,
मिसळीवर तरंगणाऱ्या तर्रीसारख्या.
अर्काच्या बशांत मात्र
इथे एक ठिपका, तिथे एक,
पाहुणे जास्त आल्यावर
पोह्यांवर मोजून टाकलेले डाळिंबाचे दाणे.

तरन्नुम हसली.
मग हसू आवरून म्हणाली, परत करू.
तिसऱ्या वेळी फरक कमी आला.
चौथ्या वेळी पुन्हा बरा.

मी अहवालात लिहिलं :
या सालींतली काही द्रव्यं
चरबीची पेशी तयार होणं
कदाचित रोखू शकतील.

डेर्ले साहेबांनी पेन्सिलीनं
‘कदाचित’भोवती गोल केला.
हा काढा, म्हणाले,
बाटलीवर एवढी जागा नाही.

माझं वजन एकाहत्तर.
पुंजारामचं, पोत्यांच्या काट्यावर, अठ्ठेचाळीस.
दिवसाला दोनशे किलो चोथा उपसून
तो हात धुताना विचारतो,
हे खाऊन माणूस वाळतो का हो?
मग मला नको.

संध्याकाळी कॉलेज रोडच्या जिममध्ये
काचेमागे माणसं जागच्या जागी पळत असतात.
मी स्कूटर थांबवून बघते.
त्यांच्यातल्या कुणाला सांगावं,
की एक बशी आहे, त्यात एक उंदीर नसलेला उंदीर आहे,
आणि त्याला भूकही नाही, जीभही नाही,
लग्नाची पंगत नाही,
रात्री अकराला फ्रिजचा उजेड नाही?

आणि अहवालात न बसणारी गोष्ट ही,
की वेल हे आपल्या पोटासाठी करत नाही.
ढगाळ थंडीत भुरी चढते,
पांढरी, राखेसारखी.
वेलीला पळता येत नाही,
तारेला बांधलेली असते.
तेव्हा साल आतल्या आत
काहीतरी तुरट, कडवट घडवू लागते,
स्वतःपुरतं.
त्या भांडणातलं उरलंसुरलं
आम्ही पिंपानं मागवतो,
वाळवतो, अल्कोहोलात भिजत घालतो,
आणि मग विचारतो :
कमरेचं काय?

सकाळी साहेबांच्या कागदावर
मी खोडरबर फिरवलं.
पेन्सिलीचा गोल गेला,
छापलेला शब्द राहिला,
जरासा चुरगळून.

तरन्नुमनं तो न बोलता स्कॅन केला.
बाहेर टेम्पो मागे येत होता,
पुंजाराम हात हलवत ओरडत होता,
येऊ द्या, येऊ द्या, अजून आहे जागा.